गोणपाटाचा गेंडा

हा गेंडा बुटका आहे. पाय खांबांसारखे जाड आणि आखूड, पोट जमिनीच्या जवळ, पाठ रुंद, मान जवळजवळ नाहीच. अंग गोणपाटाचं. पूर्वी तांदळाची पोती ज्याची असायची तेच ते, जाड विणीचं, मातकट. शिंग आणि कान मात्र चामड्याचे. चेहरा म्हणावा असं फारसं काही नाही. खेळण्यांच्या दुकानात फळीवर ठेवला तर त्याच्याकडे कुणी वळून बघेल असं वाटत नाही. त्याला किल्ली नाही, सेल नाहीत. तो गात नाही, दिवे लावत नाही, ए-बी-सी-डी शिकवत नाही.

तरी गेली काही वर्षं मी त्याच्या छायाचित्रांकडे पुन्हा पुन्हा वळतो आहे. प्रत्येक वेळी त्यात काहीतरी नवं दिसतं, आणि दर वेळी वाटतं की हे आधीच कसं दिसलं नाही.

त्याच्या कर्त्या रेनाटे म्युलर. जन्म १९४५, गाव झोनेबेर्ग, पुढे पूर्व जर्मनीत गेलेलं. आपल्याकडे सावंतवाडी म्हटलं की लाकडी फळं आणि बाहुल्या डोळ्यांपुढे येतात, तसं जर्मनीत झोनेबेर्ग म्हटलं की खेळणी. १९०१ पासून तिथे खेळण्यांचं संग्रहालय आहे. खेळणी घडवायचं रीतसर शिक्षण देणारी शाळाही होती. साठच्या दशकात म्युलर त्या शाळेत शिकत होत्या. हेलेने हॉइसलर या त्यांच्या शिक्षिका. शरीराने किंवा बुद्धीने अधू असलेल्या मुलांसाठी खेळणी करायची, या वर्गातल्या कामातून ही जनावरं जन्मली. गेंडा, पाणघोडा, हत्ती, कासव, सील. गावातल्याच लेव्हेन नावाच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली आणि पूर्व जर्मनीतली रुग्णालयं, उपचारकेंद्रं यांत पोचली.

आता कबुली. मी यातलं एकही जनावर हाताळलेलं नाही. हाताळण्यासाठीच केलेल्या वस्तूचं न हाताळता रसग्रहण करायचं, म्हणजे बंदिश न ऐकता नोटेशन वाचून मान डोलवण्यासारखं. तेव्हा निदान कापड तरी हाताखालून जावं म्हणून वाण्याकडे गेलो आणि एक रिकामं पोतं मागितलं. तो म्हणाला, "काका, आता सगळा माल प्लॅस्टिकच्या गोणीत येतो." शेवटी माळ्यावरून एक जुनं तागाचं पोतं काढून दिलं. घरी आणून झटकलं, डोळे मिटले आणि त्यावरून हात फिरवला.

पहिली गोष्ट कळली ती ही, की गोणपाटावरून हात घसरत नाही. उभा-आडवा धागा बोटांना अडवतो. मऊ लोकरीच्या अस्वलावरून हात फिरवला तर हात पुढे निघून जातो. काय लागलं ते हाताला नीट कळतही नाही. गोणपाट तळव्याला पावलोपावली सांगत राहतं की तू इथे आहेस, आता इथे आहेस. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची अडचण आपण 'हात हलत नाही' एवढ्यावर आणून ठेवतो. पण पुष्कळदा हातात काय आहे याची खबरही त्याला अंधूकच पोचत असते. मुठीत चेंडू आहे की ठोकळा, हे न बघता सांगता येत नाही. अशा हाताला मखमलीचा लाड काय कामाचा? त्याला ठसठशीत बोलणारं कापड हवं. धान्याच्या पोत्याचं कापड खेळण्याला घेणं हा कुणाला दरिद्रीपणा वाटेल. मला ती शब्दयोजना वाटते.

दुसरी गोष्ट पोत्यातून कळणारी नव्हती, कारण ती कापडाच्या आत आहे. या जनावरांत भरलेली असते लाकडाची लोकर. काचसामानाच्या पेट्यांत पूर्वी लाकडाचे लांब, कुरळे, चपटे तंतू भरलेले असत, तेच. ते ठासून भरले की कापूस जसा दबून जातो तसे दबत नाहीत. जनावर घट्ट राहतं, जड राहतं. मूल त्याच्यावर रेललं तर ते कलंडत नाही, अंगाखालून सरकत नाही.

याचं मोल कळायला अशा मुलाला एकदा बसलेलं पाहावं लागतं. आपण बसतो आणि विसरून जातो. त्याला बसणं विसरता येत नाही. पाठ, मान, पोट सगळं त्या एका कामाला लागलेलं असतं आणि तोल गेला की दोन्ही हात जमिनीकडे धावतात. बसणं हेच ज्याचं पूर्णवेळ काम, त्याला खेळायला हात उरत नाहीत. म्हणून खेळणं हातात देण्याआधी बूड स्थिर करावं लागतं. बहुतेक खेळणी करणाऱ्यांना हे ठाऊकच नसतं. ते मुलाच्या हातापासून सुरुवात करतात. म्युलरबाईंनी बुडापासून सुरुवात केली.

आणि आता पाठ. ती इतकी रुंद का? मला बरेच दिवस वाटत होतं की गेंडा रुंद असतो म्हणून. मग एकदा एका फिजिओथेरपीच्या खोलीत कोपऱ्यात लोड पडलेला पाहिला. आपल्या बैठकीत गादीवर असतो तसाच, फक्त रेक्झिनचा आणि कडक. सेरेब्रल पाल्सीच्या कित्येक मुलांच्या मांड्या आतल्या बाजूला आवळल्या जातात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. त्यांना या लोडावर घोड्यावर बसवावं तसं बसवतात. दोन पाय दोन बाजूंना पडले की मांड्या आपोआप दूर राहतात, पावलं जमिनीला टेकतात, पाठ सरळ व्हायला मदत होते. त्या दिवशी त्या लोडावर एक मुलगी होती आणि ती रडत होती. का रडू नये? लोडावर बसण्यात काय मजा आहे?

घरी येऊन गेंड्याचं छायाचित्र पुन्हा काढलं. तो लोडच होता. लोडाला पाय फुटले होते, शिंग आलं होतं, कान आले होते.

आपल्या काव्यशास्त्रात वाच्यार्थ आणि व्यंग्यार्थ असा भेद करतात. शब्द उघड सांगतात ते वाच्य. न सांगता सुचवतात ते व्यंग्य. जे सुचवायचं तेच कवी उघड बोलून बसला की रसभंग झाला असं मानतात. या गेंड्याचा वाच्यार्थ गेंडा आहे, स्वारी करण्याजोगं एक जनावर. मांड्या दूर राहणं, पाठ उभी होणं, तळव्याला खबर मिळणं हा सगळा व्यंग्यार्थ. मूल वाच्यार्थावर बसतं आणि व्यंग्यार्थ त्याच्या अंगात उतरतो. लोडावर वाच्यार्थच नव्हता. तिथे नुसता उपचार होता, उघडा, रेक्झिनचा.

अपंग मुलांसाठी म्हणून जी खेळणी विकली जातात, त्यातली निम्मी याच कसोटीवर पडतात असं माझं मत आहे. दहा खुंट्या, दहा छिद्रं, खोक्यावर ठळक अक्षरांत 'हस्त-नेत्र समन्वय'. मूल काही अडाणी नसतं. आपल्याकडून कसरत करून घेतली जाते आहे हे त्याला खोकं न वाचता कळतं. बुद्धीची वाढ सावकाश होणाऱ्या मुलालाही कळतं, कारण ते खोक्याकडे बघतच नाही, समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतं. त्या चेहऱ्यावर परीक्षा असते.

कानांकडे येतो. ते चामड्याचे आहेत हे केवळ सजावट म्हणून नाही. सगळं अंग खरखरीत आणि नेमके कान, शिंग एवढेच गुळगुळीत. डोळे मिटून हात फिरवणाऱ्यालाही कळेल की इथे काहीतरी वेगळं आहे, इथे धरायचं. बाण नाही, खूण नाही, 'येथे पकडा' नाही. पोतच बदललं आहे. दोन कान असले की दोन हात लागतात, आणि दोन्ही हात अंगासमोर मधोमध येतात. ज्या मुलाचा एक हात सदा मागे राहतो त्याच्यासाठी हे मधोमध येणं केवढं मोठं काम आहे, ते त्याच्या आईला विचारावं. पुन्हा, कान शिवण्यात कसर नाही. अशा मुलांची पकड एक तर बसत नाही, किंवा बसली की सुटत नाही. त्या न सुटणाऱ्या पकडीत नाजूक कान दोन दिवसांत हातात आला असता.

चेहऱ्याबद्दल मी आधी तक्रारीच्या सुरात लिहिलं. ती तक्रार नव्हे. हल्लीच्या खेळण्यांचे डोळे पाहा. बशीएवढे, चमकते, आणि खाली कायमचं हसू. मूल रडत असो, कंटाळलेलं असो, हे आपलं हसतंय. गेंडा हसत नाही. त्यामुळे मूल रागावलं तर तो रागीट होतो आणि झोपेला आलं तर पेंगतो. शिवाय ज्या मुलाला एका वेळी फार तपशील पेलत नाहीत, गर्दीत जे गोंधळतं, त्याच्यापुढे एकच गोष्ट ठेवायची असते आणि ती स्पष्ट ठेवायची असते. गेंडा म्हणजे शिंग. समोरून बघा, बाजूने बघा, पाठीमागून हात घालून चाचपा, शिंग सापडलं की गेंडा सापडला. चांगला व्यंगचित्रकार चार रेघांत माणूस उभा करतो, कारण कोणत्या चार सोडून बाकीच्या पुसायच्या ते त्याला ठाऊक असतं. इथे ती निवड कापडात केली आहे.

दोष नाहीत असं नाही. मोठा दोष म्हणजे लाळ. गिळणं आणि ओठ मिटणं यांवर ताबा नसला की तोंडातून लाळ गळत राहते. गोणपाट ती पिऊन टाकतं आणि आतली लाकडाची लोकर लवकर वाळत नाही. या गेंड्याला बादलीत बुचकळून काढता येणार नाही. जर्मनीच्या कोरड्या थंडीत कदाचित निभावत असेल, कोकणातल्या श्रावणात त्याला आठवड्यात बुरशी येईल. दुसरं, काही स्वमग्न मुलांना खरखर सोसत नाही. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी टोचली तरी ती बेचैन होतात. त्यांच्यासाठी हे ठसठशीत बोलणारं कापड म्हणजे कानाशी ढोल. एका मुलाचा उपाय दुसऱ्याची शिक्षा ठरू शकतो, आणि या क्षेत्रात 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं काहीही दिसलं की मी सावध होतो.

तिसरी उणीव दोष म्हणता येईल अशी नाही, पण आहे. गेंडा वाट बघतो. त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. ज्याचं एक बोट, किंवा मान थोडी वळवणं, एवढंच स्वतःच्या इच्छेने हलतं, त्याच्याशी हा गेंडा कसा बोलणार?

इथे एक दुसरी वस्तू पुढे येते. दिसायला ती गेंड्याच्या पासंगालाही पुरत नाही: एक तबकडी, बहुधा लाल, मोठ्यात मोठी साधारण ५ इंच व्यासाची, मागे वायर आणि वायरीच्या टोकाला जुन्या इअरफोनला असायची तशी ३.५ मिलिमीटरची पिन. तबकडीवर कुठेही हात, कोपर, हनुवटी, गुडघा टेकला की आतला संपर्क जुळतो. बाजारातलं कुठलंही सेलवर चालणारं खेळणं घ्यायचं, त्याच्या बटणाच्या तारा उघडून त्याला या पिनेची खोबण जोडायची. डाग द्यायचा नसेल तर सेल आणि पत्री यांच्यामध्ये तांब्याची पातळ चकती सरकवायची. तिच्या दोन बाजू एकमेकींपासून तोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला एक तार असते. मंडळ तुटतं, आणि जुळतं ते फक्त तबकडी दाबल्यावर. खेळणं तेच राहतं. बदलते ती फक्त सुरुवात कुठून करायची ती जागा.

या कल्पनेमागे काय दडलं आहे ते एका जुन्या प्रयोगात दिसतं. कॅरोलिन रोव्ही-कोलियर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९६९ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला एक फीत बांधायची आणि तिचं दुसरं टोक दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या घोट्याला. बाळाने पाय झाडला की खेळणं हलतं. थोड्याच वेळात बाळ जास्त पाय झाडू लागतं. फीत सोडली, नुसतं खेळणं समोर हलतं ठेवलं, तर तसं होत नाही. गंमत खेळणं हलण्यात नाही, मी हलवलं यात आहे. आपल्याकडच्या पाळण्यावर पिढ्यान्‌पिढ्या कापडी चिमण्या टांगल्या गेल्या. पण दोरी असायची ती आईच्या हातात. ती बाळाच्या पायाला बांधायचं कुणाला सुचलं असेल तर मला ते ठाऊक नाही.

तबकडी ही त्या फितीची नात. पण ती वाचताना अडखळायला होतं, कारण तिच्यात सौंदर्य आकाराचं नाही, वेळेचं आहे. दाबल्यापासून खेळणं हलेपर्यंत किती क्षण जातात? अर्धा-एक सेकंद गेला तर आपल्याला काही वाटत नाही. पण ज्याला कार्य आणि कारण यांची गाठ अजून बांधायची आहे त्याच्यासाठी तेवढ्यात गाठ सुटते. दाबून ठेवलं तोवरच चालावं की एकदा दाबलं की काही सेकंद चालत राहावं? दाबणं जमतं, सोडणं जमत नाही, अशी मुलं पुष्कळ. त्यांचं खेळणं चालूच राहतं आणि चालूच राहिलेलं खेळणं म्हणजे पंखा. मग मध्ये एक डबी जोडावी लागते, जी ठरावीक वेळाने खेळणं थांबवते, म्हणजे पुन्हा दाबायला निमित्त उरतं. आणि ठेवायची कुठे? काही मुलांचं डोकं उजवीकडे वळलं की उजवा हात आपोआप ताठ लांब होतो, डावा दुमडतो, तलवारबाजाच्या पवित्र्यासारखा. अगदी लहानपणी सगळ्यांचंच असं होतं, नंतर जातं. यांचं जात नाही. अशा मुलाच्या उजव्या हाताला तबकडी आणि डाव्या हाताला खेळणं ठेवलं तर खेळण्याकडे बघितल्याबरोबर उजवा हात दुमडणार आणि तबकडी सुटणार. दोन्ही मधोमध हवीत. अर्धा फूट इकडे-तिकडे आणि तेच खेळणं खेळणं राहत नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा चार वर्षांचा आहे. तिने सेलवर चालणारा कुत्रा आणला. चार पावलं चालतो आणि भुंकतो. मूळ बटण पोटाखाली, नखाने सरकवायचं. मोठ्या माणसालाही चष्मा लावावा लागेल असं. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून तिने खोबण बसवून घेतली, तबकडी जोडली. मुलाने दाबली, कुत्रा भुंकला आणि मुलगा दचकून लाकडासारखा ताठ झाला.

"दादा, तो एकदा दचकला की दहा मिनिटं मूठ उघडत नाही," ती फोनवर सांगत होती. "मग मी काय केलं, कुत्र्याच्या पोटाला भोकं आहेत ना आवाजाची, त्यावर चिकटपट्टी लावली. तीन थर. आता तो कुठंतरी लांब, गल्लीत भुंकल्यासारखा भुंकतो."

खेळणी रचण्याच्या शाळेत हे शिकवत असतील तर चांगलंच आहे. नसतील तर तिला बोलवावं.

तबकडीचा धोकाही तिनेच दाखवला. पाहुणे आले की मुलापुढे कुत्रा येतो आणि चार गळे एका सुरात म्हणतात, "दाब बाळा, दाब, दाब!" त्याने दाबलं की टाळ्या. तिसऱ्या वेळी तो मान फिरवतो. वाच्य आणि व्यंग्य यांची अदलाबदल झाली. कुत्रा बाजूला पडला आणि दाबणं पुढे आलं. तिने आता कुत्र्यासमोर ठोकळ्यांचा मनोरा रचायला सुरुवात केली आहे. कुत्रा चालतो, मनोरा पाडतो. त्या पाडण्याला कुणीही टाळ्या वाजवत नाही, उलट ती "अरे देवा!" म्हणून कपाळाला हात लावते. तो हसतो आणि पुन्हा दाबतो.

गेंडा आणि तबकडी यांच्यामध्ये कुठेतरी माझ्या मनात एक शब्द घोळतो: पांगुळगाडा. तीन चाकं, आडवी मूठ, लाकडाचा. पांगुळ म्हणजे पांगळा. चालायला शिकणाऱ्या धडधाकट मुलाच्या गाड्याला आपल्या भाषेने पांगळ्याचा गाडा म्हटलं आणि त्यात कुणाला काही अशुभ वाटलं नाही. आज एखाद्या कंपनीने असं नाव ठेवून पाहावं. आपण सगळेच वर्षभर पांगळे होतो, एवढंच तो शब्द निर्विकारपणे नोंदवतो. मारिया माँटेसोरींच्या साहित्याची कथा याच वाटेने जाते. १९०७ साली रोममध्ये त्यांचं पहिलं बालघर निघालं. पण त्याआधी त्या बुद्धीने मागे पडलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या, आणि त्यांच्या साहित्याची मुळं इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशाच मुलांसाठी केलेल्या कामात आहेत. तीन बोटांच्या चिमटीने उचलायचे, आपापल्या खळग्यात बसवायचे ते लाकडी दट्टे आज पुण्या-मुंबईच्या महागड्या बालवाड्यांत हुशार मुलांना आणखी हुशार करायला ठेवलेले असतात.

पांगुळगाड्याचा अमेरिकन भाऊबंद विजेवर चालतो. तेव्हा डेलावेअर विद्यापीठात असलेले कोल गॅलोवे यांनी २०१२ च्या सुमारास 'गो बेबी गो' सुरू केलं. दुकानात मिळते ती मुलांनी बसून चालवायची सेलवरची मोटार घ्यायची. मुळात ती पायाच्या पट्टीवर चालते. त्या पट्टीच्या तारा काढून स्टिअरिंगवरच्या मोठ्या बटणाला जोडायच्या. पाठीला आणि बाजूंना आधार हवा म्हणून नळाचे प्लॅस्टिकचे पाइप, त्यांवर पोहायच्या तलावात तरंगायला वापरतात त्या फोमच्या लांब नळ्या. पट्टे वेल्क्रोचे. लहान मुलांची विजेवरची चाकाची खुर्ची अतिशय महाग असते, जड असते आणि फार लहान वयात सहसा मिळतच नाही. ही मोटार आई-बाबा आणि विद्यार्थी मिळून एका दिवसात जुळवतात.

तिची घडण ओबडधोबड आहे. फोमच्या नळ्या दिसतात, पाइपांचे सांधे दिसतात. पण तिचा वाच्यार्थ किती भरभक्कम आहे बघा. रस्त्यातल्या कुठल्याही मुलाला ती हवीशी वाटते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाकडे बाकीची मुलं कडेने बघतात. मोटारीतल्या मुलामागे ती धावतात. आणि व्यंग्यार्थ? स्वतःहून जागा बदलणं हे नुसतं पायांचं काम नव्हे. मानसशास्त्रज्ञ जोसेफ कँपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बाळाला उंचीची भीती वयाबरोबर आपसूक येत नाही. रांगायला लागल्यावर, स्वतः इकडून तिकडे गेल्यावर येते. न रांगणाऱ्या बाळांना चाकांच्या चौकटीत फिरू दिलं तर त्यांनाही ती येते. म्हणजे जग कसं आहे हे कळायला त्यातून स्वतःच्या मर्जीने जावं लागतं. कडेवर बसून ते कळत नाही.

या मोटारीचा एक प्रकार मला सगळ्यांत जास्त भावतो. त्यात चालू करायचं बटण बैठकीत दडवलेलं असतं आणि उलटं जोडलेलं. बसलं की मोटार थांबते. उठून उभं राहिलं की चालते. कुणी "उभा राहा" म्हणत नाही. रस्त्याच्या पलीकडे मित्र आहे, त्याच्याकडे जायचं आहे, एवढंच. व्यंग्यार्थाचं उदाहरण म्हणून मी हे अलंकारशास्त्राच्या वर्गात निःसंकोच देईन.

म्युलरबाईंच्या गेंड्याचं पुढे काय झालं? बर्लिनची भिंत पडली, पूर्व जर्मनी नकाशावरून गेली. त्या झोनेबेर्गमध्येच राहिल्या आणि आपल्या कार्यशाळेत ही जनावरं हाताने शिवत राहिल्या. मग न्यूयॉर्कच्या कलादालनांना त्यांचा शोध लागला. २०१२ साली तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात विसाव्या शतकातल्या मुलांसाठीच्या रचनांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात ही जनावरं होती. आता जुने नग जमवणारे लोक त्यांच्यासाठी मोठ्या किमती देतात. छायाचित्रांत ते पांढऱ्या भिंतीपुढे, वरून पडणाऱ्या उजेडात उभे असतात. मला त्या छायाचित्रांत एक गोष्ट शोधायची सवय लागली आहे: कानाचा रंग. वापरलेल्या नगांचं चामडं धरण्याच्या जागी काळवंडलेलं असतं, तुळतुळीत झालेलं असतं. तेवढा डाग दिसला की मला बरं वाटतं.

वाण्याकडून आणलेलं पोतं नंतर मावसबहिणीकडे गेलं. मी तिला गेंड्याची गोष्ट सांगितली होती, तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "ते लाकडाचं काय ते, इथं मिळत नाही ना?" नाही, म्हटलं. तिने पोतं उकळत्या पाण्यातून काढलं, आत जुन्या गोधड्या घट्ट गुंडाळून लोडासारख्या भरल्या, आणि वर एक जाड पंचा घातला, सुटा, रोज धुता यावा असा. लाळेचा प्रश्न झोनेबेर्गमध्ये नाही सुटला तो असा सुटला. शिंग नाही, शिंगाला चामडं नव्हतं. बाबांच्या जुन्या कोल्हापुरीतून दोन कान कापले, तेवढे आहेत.

त्यामुळे तो गेंडा आहे की हत्ती की म्हैस याबद्दल घरात एकमत नाही. मुलगा दोन्हीकडे पाय टाकून बसतो आणि डावा कान सोडतच नाही. तिसऱ्या दिवशी तो कान त्याच्या हातात आला. आता दाभणाने दुहेरी टाका घातला आहे.